पडून असलेल्या कार्डाचा कानमंत्र

बाळा, तुझ्याकडे क्रेडिट कार्डं दोन. एक रोजचं, दुसरं कपाटात पडलेलं. त्या दुसऱ्याविषयी आत्याच्या चार गोष्टी नीट ऐकून ठेव.

न वापरलेलं लिमिट आपलंच राहील, असं धरून चालू नकोस. पडून असलेल्या कार्डातून बँकेला फारसं काही मिळत नाही, पण तू कधीही मोठी उधारी उचलशील ही जोखीम तिच्या डोक्यावर असतेच. म्हणून ती लिमिट कमी करू शकते. रिझर्व्ह बँकेचा २०२२चा नियम तर त्यापुढचा आहे. कार्ड वर्षभराहून जास्त काळ वापरलं नाही, तर बँक तुला कळवून ते बंद करायला घेते, आणि ३० दिवसांत तुझं उत्तर आलं नाही, तर बंद करून टाकते. तेव्हा मोबाइल नंबर, ईमेल आणि पत्ता बदलला की त्या बँकेतही लगेच बदलून घे. जुन्या नंबरावर गेलेली सूचना तुझ्या काय कामाची?

लिमिट गेल्याने काय बिघडतं, हे आकड्यांत बघ. एका कार्डाचं लिमिट एक लाख, दुसऱ्याचं दोन लाख, आणि महिन्याचा खर्च साठ हजार. म्हणजे एकूण लिमिटच्या २० टक्के वापर. दोन लाखांचं कार्ड गेलं की तोच खर्च ६० टक्के होतो. हा वापर साधारण ३० टक्क्यांच्या आत असावा असं जाणकार सांगतात, कारण तो वाढला की क्रेडिट स्कोअर खाली येऊ शकतो. पुढे घराचं कर्ज काढशील तेव्हा बँक आधी हा स्कोअरच बघेल.

उपसा असलेल्या विहिरीचं पाणी ताजं राहतं, तसंच कार्डाचं. दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यावर लहानसा, एरवीही करणारच होतास असा खर्च कर: मोबाइलचं बिल, किराणा, औषधं. कार्ड रुपेचं असेल तर यूपीआयला जोडून दुकानातला क्यूआर कोड स्कॅन केलास तरी चालतं. मात्र कार्ड चालू ठेवायचं म्हणून नको ती खरेदी करू नकोस, आणि एटीएममधून रोकड तर मुळीच काढू नकोस. रोकडीवर वेगळं शुल्क लागतं आणि व्याज पहिल्या दिवसापासून चढतं.

क्वचित वापरलेल्या कार्डाचंच बिल विसरतं. दोनशे रुपये राहून गेले तरी व्याज, उशिराचं शुल्क आणि स्कोअरवर डाग, तिन्ही मागे लागू शकतात. म्हणून बचत खात्यातून ऑटो-डेबिट लाव. लावताना ‘किमान रक्कम’ निवडू नकोस, ‘पूर्ण रक्कम’ निवड.

एखाद्या वेळी कार्ड चालू असूनही व्यवहार होत नाही. पूर्वी कधी ऑनलाइन वापरलं नसेल तर ती सोय बंद ठेवलेली असू शकते. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती चालू कर. परदेशातल्या व्यवहारांची सोय मात्र गरज नसेल तर बंदच ठेव.

वार्षिक फी जड होत असेल आणि कार्डाचा उपयोगही नसेल, तर ते तसंच पडू देऊ नकोस, रीतसर बंद कर. बाकी काही देणं नसेल, तर अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद केलंच पाहिजे. उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये तिने तुला द्यायचे. नंतर क्रेडिट रिपोर्टमध्ये ते बंद दिसतंय का तेही बघ. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. पण तुझं सगळ्यात जुनं कार्ड असेल तर घाई करू नकोस. इतक्या वर्षांची वेळेवर केलेली परतफेड तुझ्या बाजूने बोलते.

आज जेवण झालं की ते कार्ड बाहेर काढ, मुदत कधी संपते ते बघ, आणि या महिन्याचं मोबाइलचं बिल त्यावरूनच भर.