आधी लाठी, मग पट्टा

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा. गेममध्ये एकाच शस्त्रावर सगळे पॉइंट लावतो. आता उन्हाळ्यात अमरावतीला मामाकडे राहून खराखुरा दांडपट्टा शिकायचा म्हणतो. थेट पट्टा धरला तर चालेल का?
– एक पालक, अकोला

उत्तर : नाही. पट्ट्याची मूठ पंजासकट मनगट झाकते, त्यामुळे मनगट वळत नाही. फिरत खांद्यातून अन् कमरेतून येते. पवित्रे कच्चे असतील तर ते लवचीक पातं आधी स्वतःच्याच पोटरीवर बसतं. सुरुवात लाठीने करा, तीही त्याच्या उंचीला झेपेल अशी. दोन्ही हात सारखे चालू लागले की फरी-गदका : कातडी मढवलेली काठी, छोटी ढाल. समोरच्याचं अंतर तिथेच कळतं. पट्टा त्यानंतर.

अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्ये उभारलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहेच. त्यांच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी देशी खेळ दाखवले होते. तिथे चौकशी करा.

आणि एकाच शस्त्राचा हट्ट गेममध्येही अंगाशी येतो. ‘बाल्डर्स गेट 2’मधल्या मातीच्या गोलेमवर तलवारीचं काही चालत नाही, गदेसारखं बोथट शस्त्रच लागतं. चिरंजीवांना विचारा, ठाऊक असेल.