हातातला मोबाइल आणि दारातली विहीर



मागच्या रविवारी मिस्सानंतर युवक मंडळाची चार-पाच मुले भेटायला आली. "फादर, पाड्यावरच्या मुलांसाठी वह्या-दप्तरे गोळा करायची आहेत. लोकांनी मदत करावी म्हणून मोबाइलवर एक छोटी फिल्म करतो. परवानगी द्याल ना?" मी होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. "पुढच्या रविवारी पत्रकात उत्तर देतो," एवढेच बोललो. आजचा पाठ म्हणजे ते उत्तर.

१. आधी पाहावे

तंत्रज्ञान आपल्या भागाला नवे नाही. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली तारापूरला सुरू झाले. बोईसरच्या कारखान्यांवर आपली कितीतरी घरे चालतात. पण याच पालघर तालुक्यात, केळव्याजवळच्या एका पाड्यावर, २०२३ च्या उन्हाळ्यात नववीतल्या एका आदिवासी मुलाने घराच्या आवारात स्वतःच्या हातांनी विहीर खणली. कारण एकच. आई रोज लांबून पाणी वाहून आणते, हे त्याला बघवत नव्हते. कुदळ, फावडे आणि शिडी एवढ्या साधनांवर तो खाली उतरत गेला आणि पाणी लागले. याच मुलाने त्याआधी सोलर पॅनल मोटरसायकलच्या बॅटरीला जोडून झोपडीत दिवा लावला होता. विहिरीची बातमी वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून सर्वदूर गेली. मग ग्रामपंचायतीने त्यांच्या घरापाशी नळ दिला.

यातला क्रम लक्षात घ्या. आधी आईचे कष्ट दिसले, मग युक्ती सुचली, मग हात चालले आणि बातमी सर्वात शेवटी झाली. आपण पुष्कळदा उलट्या टोकाने सुरुवात करतो. फिल्म कशी दिसेल ते आधी ठरवतो आणि गरज कोणाची आहे ते नंतर शोधतो.

२. कौशल्याला विवेकाची जोड हवी

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलने केलेला एक भेद मनात बसला. वस्तू घडवण्याचे कौशल्य वेगळे आणि योग्य वेळी योग्य ते करण्याचा विवेक वेगळा. उत्तम सुतार उत्तम माणूस असेलच असे नाही. तसेच उत्तम व्हिडिओ करणारा चांगला शेजारी असेलच असे नाही. कौशल्य सरावाने येते. विवेक मात्र माणसांमध्ये बसून, त्यांचे ऐकून येतो.

ही दोन्ही एकत्र आली की काय होते, याची उदाहरणे आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी झोपडीच्या भिंतीवरचे वारली चित्र कागदावर आणि कापडावर आणले व जगापुढे ठेवले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे इथल्याच आदिवासी युवा सेवा संघाच्या प्रयत्नाने २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या लोकांची कला आपल्याच लोकांच्या नावावर राहावी यासाठी तरुणांनी केलेली ती धडपड होती.

दुसरे उदाहरण इटलीतल्या मिलान शहरातले आहे. संत कार्लो अकुतिस अवघ्या पंधराव्या वर्षी, २००६ साली, प्रभुघरी गेला. त्याने संगणकाचे ज्ञान वापरून पवित्र साक्रामेंताच्या चमत्कारांची माहिती जगभर पोहोचवली, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण हाच मुलगा खाऊचे पैसे साठवून रस्त्यावर झोपणाऱ्यांना स्लीपिंग बॅगा आणि जेवण देत असे. पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला संतपद दिले.

३. माणूस साधन नव्हे

आता माझीच एक चूक सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत बोईसर भागात अडकलेल्या कामगारांना आम्ही धान्य वाटत होतो. देणगीदारांना दाखवायला हवे म्हणून मी प्रत्येकाला पिशवी हातात धरून उभे करत होतो. उत्तर प्रदेशातला एक तरुण पुढे आला. पिशवी घेतली, कॅमेरा पाहिला आणि ती परत खाली ठेवली. म्हणाला, "फोटो नको. माझ्या गावी सगळ्यांकडे फोन आहेत. आई बघेल. मी तिला रोज सांगतो की पोटभर जेवतो."

मी मोबाइल खिशात टाकला आणि पिशवी त्याच्या खोलीवर नेऊन दिली. त्या दिवशी कान्टचे एक सूत्र मला नव्याने कळले. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे. त्याची भूक खरी होती, पण त्याची लाजही तितकीच खरी होती. मी भुकेला उत्तर देताना लाजेवर पाय दिला होता.

४. तर मग फिल्म करायची का?

करा. अवश्य करा. पण एवढे पाळा.

(अ) कॅमेरा न घेता आधी दोनदा पाड्यावर जा. काय हवे ते तिथल्या आई-वडिलांना आणि बाईंना विचारा. कदाचित वह्यांपेक्षा पावसाळी चपलांची गरज निघेल.

(आ) घेणाऱ्याचा चेहरा दाखवू नका. पाड्याची वाट दाखवा, शाळा दाखवा, मुलांनी काढलेली चित्रे त्यांना विचारून दाखवा.

(इ) निरोपावर तारीख, नेमकी गरज आणि संपर्कासाठी जबाबदार व्यक्ती असू द्या. गरज भागली की तसे कळवा. "रक्त हवे आहे" असे तारीख नसलेले निरोप महिनोन्‌महिने फिरतात आणि खरी हाक आली की लोक दुर्लक्ष करतात.

(ई) जमा आणि खर्च चर्चच्या फलकावर लावा.

योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांच्या जेवणाची सुरुवात एका मुलापासून होते. त्याच्याजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे होते. अंद्रियाला तो दिसला, पण एवढ्याने काय होणार अशी त्याला शंका होती. प्रभूने ते थोडेसेच हाती घेतले. त्या मुलाचे नाव शुभवर्तमानात नाही. तरी त्याच्या शिदोरीवर लोक जेवले.

तुमची फिल्मही तशीच व्हावी. ती पाहून लोकांना तुमची नावे आठवली नाहीत तरी चालेल. पाड्यावरच्या मुलांची दप्तरे भरली पाहिजेत आणि दप्तर घेताना कोणाची मान खाली जाता कामा नये.

घरी चर्चेसाठी: या आठवड्यात मी पुढे पाठवलेल्या निरोपांपैकी किती खरे आहेत याची खात्री केली? माझ्या घराजवळ कोणाचे कष्ट मला दिसेनासे झाले आहेत?

– तुमचे धर्मगुरू