जुन्या संगणकाला नवा माउस

प्रश्न : जुन्या संगणकाचा माउस बंद पडला. नवा यूएसबी माउस कन्व्हर्टर लावून मागच्या गोल सॉकेटात घातला, पण चालत नाही. काय करावे? – एक वाचक, मुरूड (रायगड)

उत्तर : ते हिरवे, सहा पिनांचे सॉकेट म्हणजे पीएस/२, आयबीएमने १९८७मध्ये आणलेले. जांभळे कीबोर्डचे. साधा कन्व्हर्टर फक्त यूएसबी व पीएस/२ या दोन्ही पद्धती जाणणाऱ्या माउसलाच चालतो आणि आजचे बहुतेक माउस तसे नसतात. मागे यूएसबीचा चपटा पोर्ट असेल तर थेट तिथेच लावा. नसेल तर दुकानात पीएस/२ माउसच मागा. हा माउस संगणक पूर्ण बंद करूनच जोडायचा. चालू असताना जोडल्यास मदरबोर्डलाही इजा होऊ शकते.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने पिना गंजतात. म्हणून खरेदीआधी जुन्या माउसच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण सुकवून एकदा लावून पाहाच.