काळीज, कलेजी आणि रक्ताचा फेरा

मराठीत 'काळीज' म्हणजे हृदय. काळीज धडधडते, कुणाच्या बोलण्याने काळजाला घरे पडतात. पण मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागितली की दुकानदार यकृत देतो, म्हणजे लिव्हर. शब्द सख्खे भाऊ, अवयव मात्र दोन. कोंकणीतही हृदयाला काळीजच म्हणतात. गोव्यातल्या अनेक ख्रिस्ती घरांत भिंतीवर दिसते ते येशूचे 'पवित्र काळीज'. आपल्याला ही भाषेची गंमत वाटेल, पण यकृताचे काम कोणते आणि हृदयाचे कोणते, हा गोंधळ वैद्यकशास्त्रातही जवळपास चौदाशे वर्षे होता. तो कसा सुटला ते पाहू.

जुनी समजूत

दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलन रोममध्ये राहत असे. त्याच्या मते खाल्लेल्या अन्नाचे रक्त यकृतात तयार होते, शिरांतून शरीरभर जाते आणि तिथेच वापरून संपते. थोडे रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या बारीक छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपते, असेही तो सांगे. ही छिद्रे कुणाला दिसली नव्हती, तरी सगळे मान डोलावत राहिले. तेराव्या शतकात इब्न अन-नफीस या अरब वैद्याने स्पष्ट लिहिले की पडद्यात छिद्रे नाहीत, रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येते. पण युरोपात गॅलनचाच शब्द चालत राहिला.

हार्वेचा हिशेब

विल्यम हार्वे हा इंग्रज डॉक्टर. शिकला इटलीतल्या पाडुआला. शिरांमधल्या झडपा दाखवणारा फॅब्रिशियस हा तिथला त्याचा शिक्षक. 1628 मध्ये हार्वेचे लहानसे लॅटिन पुस्तक निघाले. त्यातला मुख्य मुद्दा शाळकरी गुणाकाराचा आहे. एका ठोक्याला हृदयातून अगदी थोडे, समजा अर्धा औंस रक्त बाहेर पडते आणि अर्ध्या तासात हजार ठोके पडतात असे धरा. झाले पाचशे औंस, म्हणजे 14 लिटरच्या आसपास. माणसाच्या अंगात रक्त असते साधारण 5 लिटर. मग यकृत दर अर्ध्या तासाला एवढे नवे रक्त कुठून आणणार? एकच उत्तर उरते. तेच रक्त परत येते. लायब्ररीच्या सर्क्युलेशन काउंटरवरून पुस्तक जाते आणि पुन्हा तिथेच येते, तसे.

दुसरा पुरावा दंडाचा. दंडाला पट्टी खूप घट्ट बांधली तर मनगटातली नाडी थांबते, हात गार पडतो. ती थोडी सैल केली की नाडी परत येते आणि पट्टीखालच्या शिरा फुगतात. म्हणजे धमन्यांतून रक्त हाताकडे येते आणि शिरांतून हृदयाकडे जाते. लॅबमध्ये रक्त काढण्याआधी पट्टा बांधतात, तो याच कारणासाठी.

धमनीतले रक्त शिरेत कसे शिरते, हे मात्र हार्वेला दिसले नाही. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1661 मध्ये, माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केसाहून बारीक नळ्या पाहिल्या. त्या केशवाहिन्या.

एक फेरी

हृदयाचे चार कप्पे आहेत. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. शरीरातून आलेले, ऑक्सिजन कमी असलेले रक्त उजव्या अलिंदात येते. तिथून तीन पाकळ्यांच्या झडपेतून उजव्या निलयात, मग फुप्फुसांत. तिथे कार्बन डायऑक्साइड सोडून आणि ऑक्सिजन घेऊन ते डाव्या अलिंदात परतते. पुढची झडप दोन पाकळ्यांची, मायट्रल. बिशपच्या दोन टोकांच्या मायटर टोपीवरून तिला हे नाव पडले. ती ओलांडली की डावे निलय. याची भिंत सर्वांत जाड, कारण इथून महाधमनीमार्गे सगळ्या शरीराला रक्त पोचवायचे असते. झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत. डॉक्टर स्टेथोस्कोपने ऐकतात तो 'लब-डब' आवाज झडपा मिटण्याचा.

एक लक्षात ठेवा: धमनी म्हणजे शुद्ध रक्त आणि शीर म्हणजे अशुद्ध रक्त, हे पाठांतर अपुरे आहे. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. म्हणूनच फुप्फुसधमनीत ऑक्सिजन कमी असलेले रक्त असते.

विश्रांतीत एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर, मिनिटाला 72 ठोके. म्हणजे अंगातल्या सगळ्या रक्ताएवढे रक्त मिनिटभरात हृदयातून जाते.

आपल्याला याचे काय?

कॉलेजात रक्तदान शिबिर लागले की "रक्त संपेल, अशक्तपणा येईल" म्हणणारे निम्मे असतात. घरूनही तेच सांगतात. ही भीती नकळत गॅलनचीच आहे, रक्त म्हणजे खर्च होऊन संपणारा साठा. शिबिरात साधारण 350 मिलिलिटर रक्त घेतात. त्यातला पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, तांबड्या पेशी काही आठवड्यांत. त्या यकृतात नाही, हाडांच्या मगजात बनतात. वय 18 पूर्ण, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5 आणि डॉक्टरांची तपासणी, एवढे हवे. पुन्हा द्यायचे तर मुलांनी तीन महिने थांबावे, मुलींनी चार.

रक्त कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. अपघात झालेल्याला किंवा बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईला ते दुसऱ्या माणसाच्या अंगातूनच मिळते. आपल्या काळजाने फिरवलेले रक्त उद्या दुसऱ्या काळजात फिरू शकते. पुढचे शिबिर लागेल तेव्हा हार्वेचा गुणाकार आठवा, आणि घाबरणाऱ्या मित्रालाही करून दाखवा.