पाण्यावर तरंगणारे पाणी

पॅसिफिक महासागरात तुवालू नावाचा देश आहे. पोवळ्यांची नऊ बेटे, एवढाच तो देश. सारी जमीन मिळून २६ चौरस किलोमीटर. वस्ती दहा-अकरा हजारांची. तेथे डोंगर नाही, नदी नाही. सर्वांत उंच जागाही पाच मीटर भरत नाही. माड त्याहून उंच!

मग गोडे पाणी कुठले? पोवळ्यांची जमीन चाळणीसारखी असते. पावसाचे पाणी तिच्यात झिरपते. खाली समुद्राचे खारे पाणी असते. गोडे पाणी हलके, म्हणून ते खाऱ्यावर तरंगून राहते. तिथवर खड्डे खणून, पालापाचोळ्याचे खत घालून लोक त्यांत पुलाका लावतात. त्याला आम्ही तर अळवाचा थोरला भाऊ म्हणू. त्याचा गड्डा शिजवून खातात. खडकाळ वाळूत असे शेत करणाऱ्यांचे आम्हांला मोठे कौतुक वाटते.

पण आता समुद्र चढतो आहे. मोठ्या भरतीला पाणी काठावरूनच येते असे नाही. जमिनीतूनही वर येते. खड्डा खारा झाला की पुलाका कुजतो. प्यायला पावसाच्या पाण्याच्या टाक्या आहेत. २०११ साली पाऊस लांबला आणि त्याही आटल्या. तेव्हा न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाने खारे पाणी गोडे करणारी यंत्रे धाडली.

पुढे ऑस्ट्रेलियाशी करार झाला. दरवर्षी २८० तुवालूकरांना तिकडे राहायला जाता येते. २०२५ साली पहिली सोडत निघाली. देशातल्या निम्म्याहून अधिक माणसांची नावे त्या अर्जांत होती.