धातूची झळाळी आणि तिच्याखालचा पृष्ठभाग
डाकोटा विमानाच्या प्रतिकृतीवरून एक अभ्यासपाठ

'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात राजा मिलिंद आणि भदंत नागसेन यांचा रथाविषयीचा संवाद आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. हे सारे भाग विशिष्ट रीतीने एकत्र आले म्हणजे त्या जुळणीला 'रथ' हे नाव मिळते, असे नागसेन राजाला समजावून देतात. विमानाच्या प्रतिकृतीचा खोका उघडला की हाच विचार प्रत्यक्ष समोर मांडलेला दिसतो. प्लॅस्टिकच्या चौकटींना जोडलेले पंख, चाके, पंख्याची पाती आणि दोन उभ्या अर्धांत विभागलेले धड असे सुटे भाग हाती येतात. विमान मात्र त्यात कोठेच नसते. ते जुळणाऱ्याच्या हातून व्हायचे असते.

प्रतिकृती जुळविणे त्या मानाने सोपे आहे. तिला उघड्या धातूची झळाळी आणणे ही या छंदातील सर्वांत कठीण पायरी होय. प्रस्तुत पाठात आम्ही तिचाच विचार करणार आहोत. या पाठाचे सार आरंभीच सांगतो : धातूची झळाळी वरून लावता येत नाही. खालचा पृष्ठभाग जसा असेल तशी ती उमटते.

डाकोटाच का?

चकचकीत प्रतिकृती म्हटले की बहुधा लढाऊ विमाने पुढे येतात. बौद्ध संस्थेच्या वसतिगृहात मुलांच्या हाती युद्धविमान का द्यावे, असा प्रश्न कोणी पालकांनी विचारल्यास तो रास्तच ठरेल. म्हणून आम्ही माणसे आणि टपाल वाहून नेणारे डग्लस डीसी-३, म्हणजे आपल्याकडे 'डाकोटा' या नावाने ओळखले गेलेले विमान निवडले आहे. त्याचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ रोजी अमेरिकेत झाले. दुसऱ्या महायुद्धात त्याची लष्करी आवृत्ती हजारोंच्या संख्येने बांधली गेली, हे लपविण्याचे कारण नाही. युद्ध संपल्यावर त्यांतील शिल्लक विमाने भारतात विकली गेली, बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात अनेकांची डागडुजी झाली आणि तीच यंत्रे नागरी कामाला लागली. १९४७ मध्ये फाळणीच्या निर्वासितांना त्यांनी वाहून आणले. १९५३ साली आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्सची स्थापना झाली, तेव्हा तिच्या ताफ्यात सर्वांत मोठी संख्या डाकोटांचीच होती.

आपल्या प्रदेशाशीही या विमानाचा संबंध आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने नागपूरला एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. या सेवेत डाकोटा विमानेही होती. त्या काळातील विमानप्रवासाशी आपल्या समाजाची एक जड आठवणही जोडलेली आहे : ६ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून मुंबईला विमानानेच आणण्यात आले होते.

प्रथम निरीक्षण

रंगाची बाटली उघडण्यापूर्वी खऱ्या विमानाची छायाचित्रे बारकाईने पाहावीत. डाकोटाचे धड व पंख ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूच्या पत्र्यांनी मढविलेले असतात. हा मिश्रधातू बळकट असतो, परंतु हवेने व ओलाव्याने गंजतो; म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनिअमचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. अशा पत्र्याला 'आल्कलॅड' म्हणतात, आणि प्रतिकृतींसाठी मिळणाऱ्या एका प्रसिद्ध धातुरंगानेही हेच नाव घेतले आहे.

नीट पाहिल्यास तीन गोष्टी ध्यानात येतात. एक, सर्व पत्रे एकाच छटेचे नसतात. पत्रा कोणत्या दिशेने लाटला गेला आणि प्रकाश कोणत्या कोनातून येतो यानुसार शेजारशेजारचे दोन पत्रे वेगळे दिसतात. दोन, वापरातले विमान आरशासारखे चमकत नाही. हवेच्या संपर्काने त्यावर करडी झाक येते. तीन, आणि हीच बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते, डाकोटाचे सारेच अंग धातूचे नाही. शेपटीवरील उभे सुकाणू, आडव्या शेपटीच्या मागील हलत्या फळ्या आणि पंखांच्या टोकांकडील हलत्या पट्ट्या यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेले असते व त्यावर चंदेरी रंग दिलेला असतो. तेथे झळाळी आणली तर प्रतिकृती दिसायला सुंदर होईल, पण खोटी होईल. कोठे चमकू द्यायचे नाही हे ठाऊक असणे हाही या अभ्यासाचाच भाग आहे.

प्रमाणाचाही हिशेब आधी करावा. डाकोटाच्या पंखांचा विस्तार सुमारे २९ मीटर. १:७२ या प्रमाणात तो सुमारे ४० सेंटिमीटर होतो आणि १:१४४ मध्ये सुमारे २० सेंटिमीटर. याच हिशेबाने प्रतिकृतीवरील अर्ध्या मिलिमीटरची फट खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटरची होईल. एवढी फट घेऊन कोणते विमान उडेल?

पृष्ठभागाची साधना

ॲल्युमिनिअमच्या रंगात धातूचे अतिशय बारीक, चपटे कण असतात. रंग वाळताना ते माशाच्या खवल्यांप्रमाणे आडवे पडतात. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर सारे कण प्रकाश एकाच दिशेने परतवितात आणि डोळ्यांना धातूचा भास होतो. जेथे ओरखडा असेल तेथे कण तिरपे पडतात व तो ओरखडा रेघेसारखा उठून दिसतो. साधा जाड रंग लहानसहान दोष पोटात घेतो. धातुरंगाचा थर इतका पातळ असतो की तो काहीच झाकत नाही.

म्हणून काम खालून सुरू होते. साच्यातून सुटताना भागांवर तेलकट अंश राहतो. कोमट पाणी आणि साबणाने ते धुऊन वाळवावेत. प्लॅस्टिकचा सिमेंट हा नुसता डिंक नव्हे. तो दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. धडाचे दोन अर्ध किंचित दाबून जोडले की सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड वर येते. ती तशीच राहू द्यावी आणि एकदोन दिवसांनी, पूर्ण कडक झाल्यावर घासावी. डाकोटाचे धड गोलसर असल्याने हा सांधा नेमका पाठीवर, प्रकाश थेट पडतो तेथे येतो. राहिलेल्या फटीत पुट्टी, म्हणजे रंगारी ज्याला लांबी म्हणतात ती, अगदी बेताने भरावी. पुट्टी रंग शोषून घेते आणि झळाळीखाली सांध्याची अस्पष्ट पट्टी पुन्हा दिसू लागते. म्हणून तिच्यावर प्रायमरचा हात दिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

घासण्यासाठी वॉटर पेपर वापरावा, तोही पाण्यात भिजवून. ४००, ६००, १०००, १५०० आणि २००० अशा क्रमाने जावे. प्रत्येक कागद आधीच्या कागदाचे ओरखडे काढण्यासाठी असतो; मधली पायरी गाळली तर त्या पायरीचे ओरखडे शेवटपर्यंत राहतात. दर वेळी घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळते. शेवटी मऊ सुती कापडावर पांढरी टूथपेस्ट घेऊन हलक्या हाताने चोळावे. महागड्या पॉलिशचे काम ती बऱ्याच अंशी करते.

येथे जोराचा प्रश्न येतो. फार दाबून घासले तर पत्र्यांच्या रेषा आणि रिव्हेटांचे ठिपके नाहीसे होतात. घाबरत घासले तर सांधा तसाच राहतो. अतिप्रयत्नाने थकलेल्या सोण भिक्षूला तथागतांनी वीणेच्या तारेचा दृष्टान्त दिला होता : तार फार ताणलेली नको आणि फार सैलही नको. तो दृष्टान्त साधनेसाठी होता. पण मुलाच्या बोटांना तो कागद घासतानाही कळू शकतो, असा आमचा अनुभव आहे.

अस्तर आणि धातुरंग

घासलेल्या पृष्ठभागावर चमकदार काळ्या रंगाचे अस्तर द्यावे. धातुरंगाचा थर काहीसा पारदर्शक असल्याने खालचा चकचकीत काळा त्याला खोली देतो. अस्तर हीच खरी परीक्षा होय. दिव्याखाली तिरपे धरून पाहावे. त्यात दिव्याचे प्रतिबिंब सरळ उमटले तर काम झाले, वाकडेतिकडे दिसले तर पुन्हा वॉटर पेपरकडे वळावे. अस्तर पूर्ण वाळल्याखेरीज पुढचा रंग देऊ नये. इनॅमल असल्यास त्यासाठी काही दिवसही लागतात.

एअरब्रश असल्यास हवेचा दाब दर चौरस इंचास १२ ते १५ पौंड इतका कमी ठेवावा, अंतर ५ ते ७ सेंटिमीटर असावे आणि हात सतत फिरता असावा. एकाच वेळी झाकण्याचा मोह टाळून तीनचार अत्यंत पातळ थर द्यावेत. या वेळेपासून भाग उघड्या बोटांनी धरू नयेत. बोटांचे तेल धातुरंगावर डाग पाडते. सुती हातमोजे वापरावेत.

एक दिवस वाळल्यावर निवडक पत्रे मास्किंग टेपने वेगळे करून त्यांवर किंचित गडद छटा द्यावी. टेप आधी तळहातावर दोनतीनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करावा, नाही तर ती रंगासह उचलली जाते. दोनच छटा पुरेत. अधिक झाल्या की विमान गोधडीसारखे दिसू लागते. कापडी भागांवर साधा चंदेरी रंग, त्यात थोडा करडा मिसळून, मंद तकाकीचा द्यावा. वैमानिकाच्या डोळ्यांवर प्रकाश परतू नये म्हणून खिडकीपुढील नाकाचा भाग खऱ्या विमानात बिनचमकीचा रंगविलेला असे. प्रतिकृतीतही तो तसाच ठेवावा.

एअरब्रश नसल्यास

एअरब्रश, कॉम्प्रेसर आणि आयात रंग यांचा खर्च वसतिगृहातील मुलाला पेलणारा नाही. परंतु खऱ्या धातूसारखी झळाळी खऱ्या धातूनेच येते, आणि तो धातू घरोघरी डब्यातील पोळ्या गुंडाळण्यासाठी असतोच. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनिअमच्या फॉइलला एक बाजू चकचकीत व दुसरी मंद असते. एका बाजूवर वर्ख चिकटविण्याचा गोंद अगदी पातळ लावावा. तो ओला न राहता नुसता चिकट झाला की पत्र्याच्या आकाराहून थोडा मोठा तुकडा कापून ठेवावा आणि कापसाच्या काडीने मधून कडेकडे दाबत न्यावा. मग नव्या पात्याने रेषेवरून कापून जादा भाग काढावा. शेजारच्या तुकड्यासाठी दुसरी बाजू वर घ्यावी किंवा अतिबारीक स्टील वूल वेगळ्या दिशेने फिरवावे. छटांतील फरक आपोआप येतो.

सपाट पत्रा एकाच वेळी दोन दिशांना वळत नाही, त्याला सुरकुत्या पडतात. म्हणून डाकोटाच्या नाकावर तुकडे लहान घ्यावे लागतात. भूमितीतील हे तत्त्व मुलाला फळ्यावर सांगून जितके कळेल, त्याहून अधिक एका फसलेल्या तुकड्याने कळते.

सावधगिरी

लॅकर आणि थिनरची वाफ श्वासात जाणे घातक असते व ती चटकन पेटते. हे काम उघड्या खिडकीशी, चूल व गॅसपासून दूर, कोळशाच्या गाळणीचा मुखवटा लावून आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे. पाते नेहमी शरीरापासून दूर ओढावे. लहान वर्गांसाठी फॉइलचीच रीत योग्य.

हा खेळच का?

'अभ्यास सोडून खेळणी कसली करता?' हे वाक्य अनेक मुलांनी घरी ऐकले असेल. कष्टाने शिकविणाऱ्या पालकांची ही चिंता आम्ही हलकी मानत नाही. त्यांना आम्ही एवढेच सुचवू की आपल्या समाजव्यवस्थेने हाताने काम करणाऱ्याला ज्ञानापासून दूर ठेवले आणि ज्ञान बाळगणाऱ्याला हातांच्या कामाची लाज वाटायला लावली. ज्यांच्या वाडवडिलांनी चामडे कमावले, दोर वळले, गिरणीत माग चालविले, त्यांच्या हातांतील कौशल्याला विद्येचे नाव कधी मिळाले नाही. या टेबलावर प्रमाणाचे गणित, धातूचे रसायन, प्रकाशाचे शास्त्र आणि बोटांची शिस्त एकत्र बसतात. हात व बुद्धी यांची फारकत येथे टिकत नाही.

सम्यक व्यायाम आणि सम्यक स्मृती हे शब्द मुले वंदनेच्या वेळी ऐकतात. कोणी पाहणार नाही अशा सांध्यावर तेवढ्याच निष्ठेने काम करणे म्हणजे काय, हे अस्तराखालच्या त्या पृष्ठभागावर त्यांना स्वतः पडताळता येते. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की त्यांनी सुटीतील एखादा दिवस वसतिगृहातील मुलांबरोबर अशा टेबलाशी बसून घालवावा. वर्गणीपेक्षा त्या दिवसाची किंमत अधिक होईल.

अभ्यासासाठी कृती

१. प्लॅस्टिकच्या टाकाऊ झाकणाचे तीन भाग करा. एक तसाच ठेवा, दुसरा ६०० पर्यंत आणि तिसरा २००० पर्यंत घासा. तिन्हींवर चमकदार काळा व त्यावर चंदेरी रंग द्या. फरक वहीत लिहा.

२. डाकोटाच्या छायाचित्रात कापडी भाग कोणते ते ओळखून रेखाचित्रात दाखवा.

३. १:७२ च्या प्रतिकृतीवरील एक मिलिमीटर जाडीचा पत्रा खऱ्या विमानावर किती जाड होईल? ०.०१५ मिलिमीटर जाडीचे फॉइल लावल्यास किती? दोन्ही उत्तरांची तुलना करा आणि फॉइलची झळाळी खरी का वाटते ते सांगा.