फ्लामर्सफेल्ड गांवची पत

गांवोगांवच्या शेतकी पतपेढ्यांचें मूळ शोधूं गेल्यास तें जर्मनीच्या पश्चिम भागांतील वेस्टरवाल्ड या डोंगराळ मुलुखांत सांपडतें. तेथील फ्लामर्सफेल्ड या लहानशा गांवाचा वृत्तांत शेतकरी बंधूंनीं ध्यानीं घेण्याजोगा आहे.

हवा थंड, जमीन हलकी, तिचे तुकडे लहान. राय, ओट व बटाटे हीं पिकें आणि गोठ्यांतील एकदोन जनावरें, एवढ्यावर तेथील कुणब्याचा संसार चाले. सन १८४५ त फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझन हा जवळच्या वायरबुश येथें मुलकी कारभारी झाला. सन १८४६-४७ च्या दुष्काळांत त्यानें वर्गणीनें धान्य आणवून व सामाईक भट्टी बांधून गरिबांस उधारीनें पाव दिला. सन १८४८ त त्याची नेमणूक फ्लामर्सफेल्डला झाली.

येथील दुखणें निराळें होतें. गांठीं रोकड नसल्यामुळें शेतकरी व्यापाऱ्याकडून चढ्या भावानें उधार जनावर घेई. व्याज जबर, हप्ते थकले कीं जनावरही जाई व जमिनीवरही बोजा चढे. यावर तोड म्हणून डिसेंबर १८४९ त साठ सधन रहिवाशांनीं एक साहाय्यकारी मंडळी काढली. सर्वांनीं एकत्र जामीन राहून कर्ज उभारलें, त्यांतून गुरें घेऊन गरजूंस दिलीं व पांच वर्षांत हप्त्यांनीं फेड ठरविली. पुढें मंडळी रोख कर्जही देऊं लागली. महसुली दप्तरांत आमची नोकरी झाल्यामुळें जामिनाच्या सहीचें वजन आम्ही जाणतों. ती करावयास क्षण पुरतो. निभावण्यास घरदार पणास लागतें.

तथापि या व्यवस्थेंत एक उणीव होती. देणारे एकीकडे व घेणारे दुसरीकडे. श्रीमंतांचा उत्साह ओसरला कीं काम थंडावे आणि कर्जदारास मंडळी आपली वाटत नसे. सन १८५२ त रायफायझन ऱ्हाईनकांठच्या हेडेसडोर्फला गेला. तेथेंही हाच अनुभव आला. तेव्हां सन १८६४ त त्यानें नवी पतपेढी काढून नियम केला कीं, ज्यास कर्ज हवें त्यानें सभासद व्हावें व इतरांबरोबर जबाबदारीही घ्यावी. कार्यक्षेत्र लहान ठेवावें, म्हणजे प्रत्येकाची चाल सर्वांस ठाऊक असते. कर्जाचें कारण तपासावें. पंचांनीं विनावेतन काम करावें. नफा गंगाजळींत टाकावा, हीं त्याच्या पद्धतीचीं मुख्य अंगें होत.

याच पद्धतीचा पुरस्कार मद्रास इलाख्यांत फ्रेडरिक निकल्सन यांनीं सन १८९५ च्या अहवालांत केला आणि सन १९०४ त हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. फ्लामर्सफेल्ड येथील रायफायझनचें राहतें घर आज संग्रहालय आहे.

सारांश, दयेनें मिळालेली मदत दात्याच्या इच्छेपुरतीच टिकते. परस्परांच्या जबाबदारीवर उभारलेली पत पिढ्यान्‌पिढ्या टिकते. सोसायटीचा हप्ता ऐपत असूनही जो चुकवितो, तो परक्या सावकारास नव्हे, बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यास बुडवितो, हें आपण विसरूं नये.